पॉइंट गार्डची 48 मिनिटं

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने परवा विचारलं: "काका, बझरबीटरमध्ये माझा दुसरा हंगाम चालू आहे. ड्राफ्टमध्ये 19 वर्षांचा, 6 फूट 1 इंचाचा गार्ड मिळाला. पोटेन्शियल पेरेनियल ऑलस्टार. जंप शॉट आधीपासून बरा होता म्हणून तोच शिकवतोय. आठ आठवडे झाले, दोनच पॉप आले. वर समोरचा गार्ड रोज याला धुऊन काढतो. मी नेरुळहून ठाण्याला क्लासला येता-जाता लाइनअप लावतो. माझं काय चुकतंय?"

बझरबीटर म्हणजे इंटरनेटवरचा बास्केटबॉल मॅनेजरचा खेळ: संघ काल्पनिक, आपण फक्त लाइनअप आणि ट्रेनिंग ठरवायचं. ड्राफ्ट म्हणजे नवी पोरं संघात निवडणं, पोटेन्शियल म्हणजे पोर किती वर जाऊ शकतं ती मर्यादा, जंप शॉट म्हणजे उडी मारून लांबून टाकलेला शॉट, आणि पॉप म्हणजे एखादं कौशल्य एक पायरी चढणं. सोबत त्याने पोराच्या पानाचा आणि गेल्या काही आठवड्यांच्या मिनिटांचा स्क्रीनशॉट पाठवला होता. उत्तर लांबलं, म्हणून नीट लिहून काढतोय.

अरे, तुझं पोरगं चांगलं आहे. तू त्याला शिकवतच नाहीयेस, एवढीच अडचण आहे.

तूच पाठवलेला स्क्रीनशॉट उघड. त्याची मिनिटं बघ: एका आठवड्यात 31, पुढच्यात 22, मग 40, मग 36. आणि ट्रेनिंग लावलंयस 'टीम'. म्हणजे ताटात आधीच पातळ आमटी, ती अख्ख्या संघात वाटलेली, आणि त्यातलीही अर्धी वाटी तू त्याला दिलीस. या खेळात एका आठवड्याचं पूर्ण ट्रेनिंग मिळायला त्या जागेवर 48 मिनिटं लागतात. सामने दोन असोत की तीन, बेरीज 48 झाली पाहिजे, आणि तीही तू ट्रेनिंगसाठी निवडलेल्या जागेवरच. पॉइंट गार्डचं (चेंडू पुढे आणून खेळ चालवणाऱ्याचं) ट्रेनिंग लावून पोराला स्मॉल फॉरवर्डला खेळवलंस, तर ती मिनिटं त्याच्या खात्यात जमा होत नाहीत. तुझा मुलगा मंगळवारी शूटिंग गार्ड, शनिवारी पॉइंट गार्ड, मधल्या सामन्यात बाकावर असा फिरत होता.

48 हा आकडा का, तेही सांगतो, कारण शाळेत खेळलेल्यांचा इथे घोळ होतो. आपल्याकडच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी होतात, म्हणजे 10 मिनिटांचे चार डाव, एकूण 40 मिनिटं आणि पाच फाउलला बाहेर. बझरबीटर अमेरिकन पद्धतीने चालतो. तिथे 12 मिनिटांचे चार डाव, 48 मिनिटं आणि सहाव्या फाउलला बाहेर. म्हणजे एक पूर्ण सामना न उठता खेळला की आठवड्याचं ट्रेनिंग पदरात पडलं. यातून निघणारं गणित पक्कं डोक्यात ठेव. आठवड्याला तीन सामने: लीगचे दोन, शनिवारी आणि मंगळवारी, आणि मंगळवार ते शनिवारच्या मधला मैत्रीचा किंवा चषकाचा. ट्रेनिंग एकाच जागेवर लावलंस तर पूर्ण शिकणारी पोरं तीनच, दर सामन्यात एक. पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड अशा दोन जागांवर लावलंस तर सहा पोरं बसतात, पण प्रत्येकाला मिळणारा वेग कमी. 'टीम'वर लावलंस तर सगळ्यांना चाटण.

नवीन माणसाला सहा पोरांचा मोह होतो. मलाही झाला होता. सहा गार्ड घेऊन बसलो आणि दोन हंगामांनी हातात सहा सामान्य गार्ड होते, एकही विकला जाईना. तीनच घे. दोन असतील तरी चालेल.

आता एक आठवडा कसा जातो ते बारकाईने बघ, कारण सगळी गंमत इथेच आहे. ट्रेनिंगचा निकाल शुक्रवारी लागतो. म्हणजे आठवडा शनिवारी सुरू होतो आणि मधल्या सामन्याला संपतो. समज, तुझे ट्रेनी अ, ब आणि क. शनिवारी पॉइंट गार्डच्या जागेवर अ. स्टार्टर तोच, बॅकअप तोच, रिझर्व्हही तोच. तिन्ही चौकटींत एकच नाव टाक. नाही टाकलंस तर प्रशिक्षक त्याला दमला म्हणून बसवतो आणि तुला शुक्रवारी 37 मिनिटं दिसतात. बदलांच्या पर्यायातही 'कोच ठरवेल' सोडून 'डेप्थ चार्टप्रमाणेच' हे निवड. मंगळवारी तसाच ब. मधल्या सामन्याला क.

या मधल्या सामन्याला मी 'उधारी फेडायचा सामना' म्हणतो. मागे काय झालं ते सांगतो. मंगळवारी माझा ब सहा फाउल करून 31 व्या मिनिटाला बाहेर गेला. मी तेव्हा महापेला कामाला होतो, संध्याकाळी कोपरखैरणेहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायचो. गाडीत उभा राहून निकाल पाहिला. ब ला अजून 17 मिनिटं हवी होती. उरलेल्या एकाच सामन्यात क ला 48 द्यायची होती. पॉइंट गार्डची जागा एकच, मिनिटं 48 च. आता ठरवायचं कोणाच्या तोंडचा घास काढायचा. ब 18 वर्षांचा, क 21 चा. मी मधल्या सामन्यात क ला स्टार्टर ठेवला, ब ला बॅकअप, आणि बाकीचं नशिबावर सोपवायचं ठरवलं. रबाळे गेलं आणि सेव्हचं बटण दाबताना मोबाइलला रेंज नाही. ऐरोली आलं, रेंज आली, पण मागच्या वेळची लाइनअप तशीच होती आणि वेळ संपली होती. ब ला आणखी एक मिनिटही मिळालं नाही. तेव्हापासून एक नियम केला: ज्याचं ट्रेनिंग सगळ्यांत मोलाचं, त्याचा सामना शनिवारी. त्याला फाउल किंवा दुखापत झालीच तर भरपाई करायला पुढे दोन सामने हाताशी उरतात. ज्याचं चुकलं तरी चालेल, तो शेवटच्या सामन्याला.

आता तू म्हणशील, काका, मग शनिवारी लीगच्या सामन्यात 19 वर्षांचं कच्चं पोर पूर्णवेळ पॉइंट गार्ड? हरणार ना आपण!

हो. हरशील. यालाच गार्ड घडवणं म्हणतात. तू खालच्या डिव्हिजनमध्ये आहेस. तिथे बरेच संघ बॉट असतात, म्हणजे मॅनेजर नसलेले, संगणकाने चालवलेले; त्यांच्याशी कच्चं पोर घेऊनही जिंकता येतं. शनिवारी समोर कोण आहे ते आधी बघ. बॉट असेल तर बिनधास्त. तगडा मॅनेजर असेल तर त्या आठवड्यात क्रम फिरव. पण दरवेळी जिंकायच्या नादात पोराला बाकावर बसवलंस, तर तीन हंगामांनीही तू याच डिव्हिजनमध्ये असशील आणि पोरगं 22 चं झालेलं असेल. वय वाढलं की शिकण्याचा वेग उतरतो. 18-19-20 ही तीन वर्षं सोन्याची. ती तू जंप शॉटवर आणि तीही 'टीम'वर घालवतोयस.

शिकवायचं काय

तुझ्या पोराचं आउटसाइड डिफेन्स (ओडी), म्हणजे समोरच्या गार्डला बाहेरच अडवणं, 'ऑफुल' आहे. ऑफुल म्हणजे तिसरी पायरी. वीस पायऱ्यांच्या जिन्यावर तिसरी. जंप शॉट 'स्ट्राँग', म्हणजे आठवी. समोरचा गार्ड धुऊन काढतो, याचं कारण इथे लिहिलेलं आहे. तुझा पोरगा सामन्यात कधीमधी शॉट मारणार. पण समोरचा गार्ड चेंडू घेऊन येतो तेव्हा दरवेळी याच्याच अंगावर येणार.

म्हणून 'प्रेशर' लाव, पॉइंट गार्डवर, एकाच जागेवर. प्रेशर म्हणजे आउटसाइड डिफेन्सचं ट्रेनिंग. ओडी आधी का, याचं माझं कारण जरा व्यापारी आहे. जंप शॉट दोन जागांवरही शिकवता येतो, त्यामुळे संघाची फार ओढाताण होत नाही. प्रेशरचा खरा वेग मात्र फक्त पॉइंट गार्डच्या जागेवर मिळतो. म्हणजे त्याची किंमत तू सामन्यांतून मोजतोस. ती किंमत खालच्या डिव्हिजनमध्ये, पोरगं 19 चं असताना मोज. वर गेल्यावर लीगमधला प्रत्येक सामना महाग पडतो.

ओडी 'रिस्पेक्टेबल' ते 'प्रोफिशियंट', म्हणजे सात ते नऊच्या आसपास नेईपर्यंत प्रेशर सोडू नकोस. सुरुवातीच्या पायऱ्या पटापट चढतात, मग वेग उतरतो. पायरी जितकी वरची, तितके आठवडे जास्त. पॉप लगेच आला नाही म्हणून दोन आठवड्यांत ट्रेनिंग बदलणारे मॅनेजर मी खूप पाहिलेत. पायरी आतून भरत असते, दिसते ती फक्त चढल्यावर. बदलू नकोस.

त्यानंतर 'वन-ऑन-वन'. हे पोरांना आवडतं आणि त्यात फायदाही आहे, कारण एका ट्रेनिंगमध्ये हँडलिंग (चेंडूवरचा ताबा) आणि ड्रायव्हिंग (चेंडू घेऊन आत घुसणं) दोन्ही सुधारतात, वर थोडा जंप शॉटही. दोन्ही गार्डच्या जागांवर चालतं, त्यामुळे संघाला श्वास घेता येतो. ही कौशल्यं एकमेकांना ओढतात: हँडलिंग वर गेलं की ड्रायव्हिंग शिकायला सोपं जातं. जंप शॉट आणि जंप रेंज (किती लांबून शॉट बसतो ते) यांचंही तसंच. जंप शॉट बरा असेल तर रेंज शिकवताना जोर कमी लागतो. म्हणून तुझा जंप शॉट आठवर आहे ते वाया गेलं असं समजू नकोस. 'आउटसाइड शूटिंग' लावशील तेव्हा तो कामाला येईल. पण ते नंतर.

पासिंग कधी? मी वन-ऑन-वनचा एक टप्पा झाला की करतो. काही जण आधी करतात, त्यांचंही चुकत नाही. पॉइंट गार्डच करायचा असेल तर पासिंग टाळता येत नाही. शूटिंग गार्ड करायचा असेल तर पाच-सहावर सोडून दे आणि शूटिंगकडे वळ.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे सामने झाले होते, सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. तू तेव्हा लहान असशील. पहिला सामना 4 तारखेला झाला, शुक्रवार होता. मला नीट आठवतं, कारण एका हातात ट्रेनिंगचा निकाल आणि समोर टीव्ही. जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी 132-131 असा मारला. त्या रात्री मी चेंडूकडे फारसं बघितलंच नाही, गार्डच्या पायांकडे बघत बसलो. समोरच्याच्या पुढ्यात राहण्यासाठी ती माणसं आडवी किती धावतात, हे टीव्हीवर एरवी लक्षात येत नाही. तुला जमलं तर नेरुळ-वाशीकडच्या एखाद्या कोर्टवर संध्याकाळी उभा राहा. चांगल्या संघाचा गार्ड ओळखायचा असेल तर शॉट मारतो तो नको बघूस, समोरच्याला कोपऱ्यात कोंडतो तो बघ.

उंची

तुझ्या पोराची उंची चांगली आहे. या खेळात बुटक्याला बाहेरची कौशल्यं लवकर येतात आणि आतली, म्हणजे बास्केटजवळची, उशिरा. उंचाचं उलट. 6 फूट 1 इंचाला ओडी, हँडलिंग, पासिंग पाण्यासारखं जातं. पण इनसाइड शॉट, रिबाउंडिंग, इनसाइड डिफेन्स शिकवायला बसलास तर डोंगर. म्हणून ड्राफ्टमध्ये बुटका गार्ड निवडताना मी बाहेरची कौशल्यं कमी बघतो. ती मी शिकवीन. इनसाइड शॉट किती घेऊन आलाय ते बघतो, कारण ते मला पुढे कधीच स्वस्तात मिळणार नाही. ड्रायव्हिंग करून आत घुसणाऱ्या गार्डला तेवढा इनसाइड शॉट लागतोच.

यात पगाराचाही खेळ आहे. गार्डचा पगार मुख्यतः त्याच्या गार्डपणावर ठरतो. आतली दुय्यम कौशल्यं पगार फारशी वाढवत नाहीत, सामन्यात मात्र मदत करतात. म्हणजे पगारात न दिसणारा माल. बाजारात दोन गार्ड सारख्या पगाराचे दिसले तर ज्याच्याकडे आतलं थोडं जास्त आहे तो घे.

तुझा दुसरा एक पोरगा दिसला, 6 फूट 7 इंचाचा, त्यालाही तू गार्ड करतोयस. त्याला तीनात घेऊ नकोस. गार्ड म्हणून तो रखडेल. त्याच्या उंचीला स्मॉल फॉरवर्ड शोभतो, त्याचं वेगळं प्रकरण आहे.

पोटेन्शियल, फिटनेस वगैरे

पोटेन्शियलबद्दल पोरं फार बोलतात, मी कमी बोलतो. पोटेन्शियल म्हणजे छत. छताला डोकं लागेपर्यंत काही फरक पडत नाही, लागलं की शिकणं जवळपास थांबतं. पेरेनियल ऑलस्टार हे तुझ्या डिव्हिजनला भरपूर उंच छत आहे. तिथवर न्यायलाच तुला काही हंगाम लागतील. त्याहून वरच्या पोटेन्शियलच्या, हॉल ऑफ फेमरच्या मागे पैसे उधळू नकोस. तेवढ्या पैशात चांगला ट्रेनर येतो.

ट्रेनर मधल्या लेव्हलचा पुरे. वरच्या लेव्हलचा पगार झपाट्याने चढतो, वेग तेवढा चढत नाही.

गेम शेपकडे, म्हणजे पोराच्या फॉर्मकडे, मात्र लक्ष ठेव, कारण इथे 48 चा दुसरा अर्थ आहे. पोराने आठवड्याला साधारण 50 ते 70 मिनिटं खेळावं, त्याचा फॉर्म राहतो. शनिवारी 48 खेळलेल्या पोराला मंगळवारीही पूर्ण 48 खेळवलंस तर 96 झाली. पुढच्या 48 मिनिटांचं ट्रेनिंग शून्य आणि गेम शेप घसरला. दुहेरी तोटा. शनिवारी ज्याचं ट्रेनिंग झालं, त्याला पुढच्या सामन्यात बॅकअप म्हणून दहा-पंधरा मिनिटं दे आणि बसव. म्हणून तुला तीन ट्रेनींशिवाय दोन-तीन जुनी, स्वस्त, पगार झेपेल अशी माणसं लागतात, बाकीच्या जागांवर आठवडा रेटायला. तुझ्याकडे बाराही खेळाडू नाहीत, हे मला त्याच स्क्रीनशॉटमध्ये दिसलं. आधी ते दुरुस्त कर. 30 वर्षांचे, पगार कमी, स्टॅमिना बरा, असे दोन फॉरवर्ड बाजारात घे. अशा माणसांना कुणी बोली लावत नाही.

स्टॅमिना आणि फ्री थ्रो ही पूर्ण संघाची ट्रेनिंगं आहेत. हंगामाच्या शेवटी एखाद-दुसरा आठवडा लाव. 48 मिनिटं पोराला रगडायचं असेल तर स्टॅमिना अगदीच रसातळाला असून चालत नाही, चौथ्या डावात चेंडू हातातून निसटायला लागतो. बाकी त्याकडे फार लक्ष देऊ नकोस.

या शुक्रवारपासून

ट्रेनिंग: प्रेशर, पॉइंट गार्ड. ट्रेनी तीन, तुझा हा 19 चा आणि अजून दोन. दुसऱ्यासाठी तुझ्याकडेच तो 20 वर्षांचा, 6 फूट 3 इंचवाला आहे. तिसरा बाजारातून घे, 18-19 चा, पोटेन्शियल पेरेनियल ऑलस्टार नको, त्याखालचं 'स्टार' पुरे. ओडी चार-पाचच्या वर असलेला बघू नकोस, तो महाग पडेल. इनसाइड शॉट पाहा.

सामना: शनिवारी 19 चा, तिन्ही चौकटींत तोच. मंगळवारी 6-3 वाला. मधला मैत्रीचा सामना नवीन पोराला. आणि मैत्रीचा सामना आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरवून टाक. कुणाशीही चालेल, बॉट नसला म्हणजे झालं. मी दोनदा विसरलो आणि एका ट्रेनीचा अख्खा आठवडा पाण्यात गेला.

डिफेन्स साधा मॅन-टू-मॅन ठेव, म्हणजे प्रत्येकाने आपापला एक माणूस अडवायचा. फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या मैदानभर अडवणं) वगैरे दिसायला भारी वाटतो, पण कच्च्या ओडीच्या पोरांकडून तो करवून घेणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलणं.

पहिले तीन-चार आठवडे हार जास्त होईल. लीग तक्त्यात खाली गेलास तरी घाबरू नकोस, फक्त उतरणाऱ्या जागांकडे लक्ष ठेव. उतरायची भीती खरोखर आली तर शेवटच्या दोन शनिवारी जुना गार्ड उभा कर, ते दोन आठवडे ट्रेनिंगवर पाणी सोड. डिव्हिजन टिकवायला तेवढं चालतं.

आणि लाइनअप गाडीत नको. ठाण्याला फलाटावर गाडीची वाट बघत असतोस ना, तेव्हाच सेव्ह कर, पान पुन्हा उघडून नाव तिन्ही चौकटींत दिसतंय का ते पाहा आणि मग चढ. जुईनगर-नेरुळपर्यंत अर्ध्या-पाऊण तासात रेंज किती वेळा जाते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुढच्या शुक्रवारी मिनिटांचा स्क्रीनशॉट पाठव. पॉप आला की नाही ते नको, 48, 48, 48 दिसतंय का तेवढंच पाठव.